वर्ग मी बघते



आज पदवी घेऊन शिक्षक होणाऱ्या तुमच्यासारख्यांपुढे बोलायचं म्हटलं की सावित्रीबाईंचं नाव निघतंच, आणि गोष्ट बहुधा १८९७ चीच असते. पुण्यात प्लेग, आजारी पोराला पाठीवर घेऊन निघालेल्या सावित्रीबाई, आणि १० मार्चला त्याच साथीत आलेला मृत्यू. ती गोष्ट सांगायलाच हवी. पण मला आज त्याआधीच्या, १८५६ च्या सावित्रीबाई आठवतात. त्या ऑक्टोबरात आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी होत्या. भावाने त्यांची शुश्रूषा केली. तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पूर्ण बरं वाटलं की पुण्याला येईन, असं त्या कळवतात. आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असंही लिहितात. मुलींच्या शाळा उभ्या करणारी बाई दुखणं हटेपर्यंत माहेरी राहिली, कारण मागे काम सांभाळणारी एक सहकारी होती. ३ जानेवारीला, त्यांच्या जयंतीच्या भाषणात हे कुणी सांगत नाही. शिक्षकाने झिजावं, एवढंच आपल्याला ऐकायला आवडतं.

तुमच्यातल्या अनेकांच्या वाट्याला पैठण, अंबड, गेवराईकडची दोनशिक्षकी शाळा येईल. पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून, प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधनावर. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतली मदत एवढीच शाळेबाहेरची कामं शिक्षकाला लावायची मुभा दिली आहे. रोज भरायच्या ऑनलाइन माहितीला मात्र कुणी काम म्हणत नाही. रात्री नऊला ग्रुपवर निरोप पडतो, ‘आजच्या आज सादर करावे.’ खिचडी शिजली की मुलांच्या आधी चव घेऊन नोंदवहीत सही करायची, आणि आपला डबा दुपारी तीनपर्यंत पिशवीतच.

एक गोष्ट व्यासपीठावरून बोलत नाहीत, ती बोलते. शाळेत बाईमाणसासाठी धड स्वच्छतागृह नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणीही न पिणाऱ्या शिक्षिका मी जवळून पाहिल्या आहेत. एप्रिलच्या उन्हात, तापल्या पत्र्याखाली घसा फाटेस्तोवर शिकवायचं आणि घरी गेल्यावर लघवीच्या जळजळीची गोळी घ्यायची. अशा बाईला ‘रोज दहा मिनिटं प्राणायाम करा’ म्हणणं ही थट्टा आहे. प्राणायामाशी माझं भांडण नाही. आधी नळाला पाणी आणि दाराला कडी हवी, एवढंच.

२०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, म्हणजे ‘बर्नआउट’ची, आपल्या आजारांच्या वर्गीकरणात दखल घेतली, पण त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेल्या, वेळीच न हाताळलेल्या ताणाचा परिणाम म्हटलं. म्हणजे निम्म्याहून अधिक औषध कामाच्या ठिकाणीच शोधायला हवं.

तुम्हा पाचोडकरांना ताणाचं हे गणित मोसंबीच्या बागांवरून लवकर कळेल. बहार धरायला झाडाचं पाणी तोडतात, पण जमीन बघून. हलक्या रानात कमी दिवस, भारी रानात जास्त. पानं पिवळी पडून गळू लागली की खत घालून आधी हलकं पाणी, मग भरपूर. २०१२-१३ च्या दुष्काळात परत द्यायला पाणीच उरलं नव्हतं, आणि आपल्या भागातल्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हा झाडाला कुणी नावं ठेवली नाहीत.

माणसाला मात्र आपला ताण बोलून दाखवायला शिकावं लागतं. पाचोडच्याच इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने किशोरवयीन मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले. संध्याकाळी तासभर, शिकवायला गावातलीच बाई. स्वतःच्या शरीराबद्दल लाज न धरता बोलणं, घरात आपलं म्हणणं मांडणं, हे त्या पोरी शिकल्या. आणि आपण पदवीधर? मुख्याध्यापकांना ‘सर, मला हे झेपत नाही’ म्हणताना आपली जीभ टाळ्याला चिकटते. झोप उडाली, वर्गात उगाच हात उगारावासा वाटू लागला, शाळेची वाट नकोशी झाली, तर १४४१६ फिरवा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही. फोन केला म्हणून कुणी वेडं ठरत नाही.

फातिमाबाईंनी कुरकुर केली नसेल, पण सगळा भार एकटीवर पडणं काही बरं नव्हे. म्हणून मोठी रजा घेताना केंद्रप्रमुखांकडे बदली शिक्षक लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी मागणी हवेत विरते. आणि एखाद्या सकाळी सहकाऱ्याचा फोन आला, ‘मॅडम, आज नाही जमणार,’ तर कारण नंतर विचारा. आधी म्हणा, ‘वर्ग मी बघते.’ चौथीची पोरं पहिलीच्या पोरांकडून पाढे म्हणवून घेतात, तेही झकास. त्या दिवशीची ऑनलाइन माहिती एक दिवस उशिरा गेली तर जाऊ द्या.