यंत्र कोणाच्या हाती

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना कोणत्या साधनांनी शिकवावे, हा प्रश्न टॅबबरोबर आलेला नाही. माँटेसोरी पद्धतीची लाकडी साधने शहरांतल्या बालमंदिरांत आली तेव्हाही तो होता, कारण ती महाग होती आणि खेड्यांना परवडणारी नव्हती. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ त्याच वर्षी तिथे रुजू झाल्या. वस्तीतली मुले केंद्रात येईनात, तेव्हा केंद्रच त्यांच्या अंगणात भरू लागले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांत गेले. आधी मुलांची अंघोळ, नखे, केस. मग गाणी आणि खेळ. साधने म्हणजे खडे, बिया, शिंपले, पाने. बालशिक्षणाच्या साधनांबद्दल महाराष्ट्रात याहून मोठा विचार अजून झालेला नाही.

पुण्याच्या वारज्यात पदविका घेऊन बाहेर पडणाऱ्या शिक्षिकांपुढे हा इतिहास ठेवावा लागतो, कारण प्रत्येक नवे यंत्र आधी काही घडलेच नाही अशा थाटात येते. पुण्यातच १९८४ मध्ये ‘बालचित्रवाणी’ ही शैक्षणिक दूरचित्रवाणी संस्था सुरू झाली. शाळकरी मुलांसाठी मराठीत हजारो कार्यक्रम तिथे तयार झाले. त्यांत उत्तम कलावंत होते, तळमळीचे शिक्षक होते. पण वर्गात दूरचित्रवाणी संच असला तर वीज नसे, वीज असली तर दुरुस्तीला माणूस मिळत नसे, आणि कार्यक्रमाची वेळ शाळेच्या वेळापत्रकाशी जुळेलच असे नव्हते. केंद्र सरकारचे अनुदान थांबले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली. यंत्र विकत घेण्याची हौस आणि ते चालवणाऱ्या माणसाची हेळसांड ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी जोडी आहे.

हीच जोडी अंगणवाडीतही दिसते. अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्या चालवणाऱ्या सेविकेला पगार मिळत नाही, मानधन मिळते. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क मान्य व्हायला २०२२ उजाडावे लागले, तेही सर्वोच्च न्यायालयात. २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे सरकारी ॲप आले. ॲप तेव्हा इंग्रजीत, हातातला सरकारी फोन कमी क्षमतेचा, सारखा अडकणारा, दुरुस्तीचा खर्च अंगावर. त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन प्रशासनाला परत केले. बातम्यांत तो ‘तंत्रज्ञानाला विरोध’ ठरला. विरोध तंत्रज्ञानाला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच बायका मानधनवाढीसाठी संपावर गेल्या, तेव्हा निरोप आणि बैठका व्हॉट्सॲपवरच ठरत होत्या. २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थी मातेचा चेहराही फोनला ओळखावा लागतो. नेटवर्क नसेल तर आई ताटकळते, सेविका फोन वर धरून उभी राहते, आणि मागे वीस मुले तिच्या तोंडून गोष्ट ऐकण्याची वाट पाहतात. फोन वजन-उंचीवरून मुलाची वाढ झटकन दाखवतो, हा त्याचा खरा उपयोग आहे. पण त्याने वाचवलेला वेळ मुलांना मिळायला हवा होता. तो दुसऱ्या नोंदींनी खाल्ला.

लहान मूल पडद्यावरून किती शिकते, याचे उत्तर बरेचसे ठाऊक आहे. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषेचे आवाज ऐकवले. समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणारी बाळे ते आवाज ओळखायला शिकली. तेच ध्वनिचित्रफितीवर पाहणारी शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर दिवसाला तासाभराची कमाल मर्यादा सुचवली आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठी पडदा नकोच असे सांगितले.

म्हणून यंत्र बाईंच्या हाती असावे, मुलाच्या हाती नसावे. या एका मुद्द्यावर तडजोड नको. बाईंच्या हातातल्या यंत्राचा उपयोग वारज्यातच दिसतो. वारजे १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आले, इमारती उठल्या आणि त्या बांधणारी कुटुंबे कुठून कुठून येऊन राहिली. त्यांच्या मुलांची घरची बोली पुण्याच्या बाईंना येत नाही. अशा वेळी एखाद्या आजीने सांगितलेली गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवली, तर मूल पहिल्यांदा मान वर करते. बाईही त्याच्याबरोबर चार शब्द शिकतात. मुलाने रचलेल्या ठोकळ्यांचा फोटो संध्याकाळी आईला दाखवता येतो. करोनाच्या काळात अंगणवाड्या बंद असताना पालकांच्या फोनवर खेळ आणि गाणी पाठवली गेली, तेव्हा एक अडचण अनेक ठिकाणी दिसली: घरात फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर दिवसभर कामावर. पालकांना पाठवायचे ते संध्याकाळी आणि ऐकण्याजोगे असावे, हे तेव्हापासून पक्के झाले आहे.

नव्या शिक्षिकांनी रुजू होताना टॅबची मागणी सर्वांत शेवटी करावी. आधी मदतनिसाची रिक्त जागा भरून मागावी, मराठीतून नीट चालणारे ॲप मागावे, फोन दुरुस्तीचा खर्च खात्याने उचलावा असे लेखी द्यावे, आणि रोजचे दोन तास कोणतीही नोंद न करता फक्त मुलांसाठी मिळावेत, ही मागणी पर्यवेक्षिकेच्या प्रत्येक बैठकीत मांडत राहावी.