रुग्णालयातील जंतुसंसर्ग आणि परिचारिकेची वृत्ती



माणूस रुग्णालयात जातो तो बरा होण्यासाठी. तेथेच त्याला नवा आजार जडावा, याहून मोठे दुर्दैव कोणते? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७, तर अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना रुग्णालयातच जंतुसंसर्ग होतो. लघवीची नळी, शिरेतील नळी, श्वसनयंत्र आणि शस्त्रक्रियेची जखम ही त्याची प्रमुख प्रवेशद्वारे होत. या चारही ठिकाणी रात्रंदिवस हात असतो तो परिचारिकेचा. म्हणूनच तिच्या वृत्तीचा विचार महत्त्वाचा ठरतो.

हात धुतले पाहिजेत, हे कोणत्या परिचारिकेला ठाऊक नसते? ज्ञान असते, परंतु तीन समजुती आड येतात. पहिली, ‘अतिदक्षता विभागात एवढे चालायचेच.’ दुसरी, ‘हातमोजे घातले म्हणजे झाले.’ वस्तुतः तेच मोजे एका खाटेवरून दुसरीकडे गेले, तर जंतूही सोबत जातात आणि मोजे काढल्यावरही हात धुवावेच लागतात. तिसरी समजूत सर्वांत महाग पडते : ‘डॉक्टरांना आपण कसे सांगायचे?’

या तिसऱ्या समजुतीवर उपाय आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ साली डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत एक उपक्रम सुरू झाला. मोठ्या शिरेत नळी घालताना पाच साध्या गोष्टी पाळायच्या : हात धुणे, रुग्णाला निर्जंतुक आच्छादन घालणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यातील एखादी पायरी चुकली आणि प्रसंग तातडीचा नसला, तर डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला. दीड वर्षात या नळ्यांमुळे रक्तात होणारा संसर्ग सुमारे दोन तृतीयांशाने घटला. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. परिचारिकेच्या शब्दाला मान मिळाला आणि तिची वृत्ती पालटली.

मात्र केवळ तिला बोल लावणे अन्यायाचे होईल. अल्कोहोलयुक्त द्रावणाने हात चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात. एका पाळीत असे ५० प्रसंग आले, तर सुमारे १७ ते २५ मिनिटे हातांनाच द्यावी लागतील. एकटीकडे वीस-पंचवीस रुग्ण सोपवून, बेसिन वऱ्हांड्याच्या टोकाला ठेवून आपण तिच्याकडून निष्ठेची अपेक्षा करतो!

येथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. रुग्णाला भेटायला जाताना गर्दी करू नये, खाटेवर बसू नये, आत जाताना व बाहेर येताना हात स्वच्छ करावेत. ‘सिस्टर, हात धुतलेत ना?’ असे आदराने विचारण्यात संकोच नसावा आणि तिने आपल्याला टोकले तर राग नसावा. दानशूर मंडळी रुग्णालयांना मोठी यंत्रे देतात, त्यांच्यावर नावे कोरली जातात. कधी प्रत्येक खाटेजवळ हात स्वच्छ करण्याच्या द्रावणाची बाटली आणि प्रत्येक कक्षात वाहत्या पाण्याचे बेसिन, एवढेच दान द्यावे. त्यावर नाव नसेल. पण त्यामुळे वाचलेला रुग्ण आपल्या पायांनी घरी जाईल.