दोन फायली, एक मुलगी

(मंडळाच्या महिला शाखेने श्रावणात ठेवलेल्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दोन डॉक्टर भगिनींनी मिळून दिलेलं व्याख्यान)



आम्हां दोघींना आज एकत्र बोलावलं आहे. एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि दुसरी छातीच्या विकारांची डॉक्टर एकाच माइकवर काय बोलणार, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. इंदूरमध्ये एकाच इमारतीत वर-खाली आमचे दवाखाने आहेत, तरी कितीतरी वर्षं आम्हालाही आपल्या कामाचा एकमेकींशी काही संबंध आहे असं वाटलं नव्हतं. तो दाखवला एका मुलीने. तिचं नाव सांगणार नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत.

वय चोवीस, नोकरी करणारी. वरच्या मजल्यावर ती आईबरोबर यायची, कारण पाळी तीन-तीन महिने येत नव्हती, हनुवटीवर केस येत होते आणि वजन वाढत होतं. निदान झालं होतं पीसीओएस. खालच्या मजल्यावर ती एकटीच यायची, कारण लहानपणापासून दमा होता. वर आम्ही लिहून दिलं, ‘वजन कमी करा, रोज चाला.’ चालायला लागली की तिला धाप लागते का, हे विचारलं नाही. खाली आम्ही छाती तपासली, पंप लिहून दिला. पाळीबद्दल एक शब्दही विचारला नाही. एके दिवशी जिन्यात आमची दोघींची आणि तिची गाठ पडली. तिच्या हातात दोन प्लॅस्टिकच्या फायली होत्या. दोन्ही उघडून शेजारी ठेवल्या तेव्हा आम्हाला आमचीच लाज वाटली.

त्या फायलींत नसलेली गोष्ट तिने मग सांगितली. पुण्याकडचं एक स्थळ आलं होतं. पंप चारचौघांत दिसतो, म्हणून घरच्यांनी तो बंद करायला लावला होता. श्वास अडला की जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून ती चार-पाच दिवस घ्यायची. असं दोन वर्षं चाललं होतं. या गोळ्या वारंवार घेतल्या की भूक वाढते, वजन चढतं, चेहरा सुजतो, रक्तातली साखर वाढते आणि पाळीचंही तंत्र बिघडू शकतं. म्हणजे एक आजार लपवण्याच्या खटपटीत दुसरा बळावत होता.

आता हे दोन आजार थोडक्यात समजून घेऊ. १९३५ साली स्टाइन आणि लेव्हेंथल या अमेरिकन डॉक्टरांनी ज्याचं वर्णन केलं, तोच पुढे पीसीओएस म्हणून ओळखला गेला. पाळी अनियमित, शरीरात पुरुषी संप्रेरकांचं प्रमाण जास्त आणि सोनोग्राफीत अंडाशयात अनेक लहान पुटकुळ्या, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि थायरॉइडसारखी इतर कारणं नसली की प्रौढ स्त्रीत हे निदान होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या शंभर स्त्रियांत साधारण १० ते १३ जणींना तो असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताच नसतो. दमा म्हणजे श्वासनलिकांची सूज. त्यामुळे नळ्या चटकन आवळतात. लहानपणी तो मुलग्यांत जास्त दिसतो, पण वयात आल्यानंतर हे गणित उलटतं आणि मोठेपणी बायकांत जास्त आढळतो. संप्रेरकांचा श्वासाशी संबंध आहे, याची ही पहिली खूण.

अनेक देशांतल्या पाहण्यांत असं दिसलं आहे, की पीसीओएस असलेल्या बायकांत दम्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. हे फक्त जाडेपणामुळे असेल, असं कुणी म्हणेल. वजनाचा वाटा मोठा आहे, यात शंका नाही. पोटावरची चरबी फुप्फुसाला पुरतं फुलू देत नाही, शिवाय ती शरीरात मंद आचेवर चालणारी सूज धुमसत ठेवते. इन्सुलिन असूनही त्याचा नीट उपयोग न होणं, हा पीसीओएसचा गाभा, तोही याच सुजेशी जोडलेला आहे. पण ऑस्ट्रेलियात हजारो स्त्रियांच्या पाहणीत वजनाचा हिशेब बाजूला काढल्यावरही फरक काही प्रमाणात उरला. अर्थात अशा पाहण्यांतून दोन आजार बरोबर राहतात एवढंच कळतं. एकामुळे दुसरा होतो, हे सिद्ध झालेलं नाही. म्हणून पीसीओएस आहे म्हणजे दमा होणारच, असं म्हणून कुणी घाबरू नका.

मग उपयोग काय या माहितीचा? घरात वागायचं कसं, ते त्यातून ठरतं.

पहिली गोष्ट पंपाची. पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय, ही समजूत आपल्या घरांत घट्ट बसली आहे. साधा हिशेब सांगतो. पंपातून स्टेरॉइड जातं ते मायक्रोग्रॅममध्ये, एका वेळी साधारण शंभर-दोनशे, आणि तेही थेट श्वासनलिकेत. गोळी असते मिलिग्रॅमची, आणि एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम होतात. दोन्ही औषधं वेगवेगळी आहेत, म्हणून तुलना ढोबळच. पण शरीरभर पसरणारं औषध कशात जास्त, हे कळायला पुरेशी आहे. पंप नियमित घेतला तर गोळीची वेळ क्वचित येते. गर्भारपणातही तो मनाने बंद करू नका. आईचा श्वास अडला तर बाळाचाही प्राणवायू कमी पडतो.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. पाळीत पोट दुखलं की आपण सहज वेदनाशामक गोळी घेतो. दम्याच्या काही रुग्णांना अशा गोळ्यांनी, ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या, दम्याचा जोराचा झटका येऊ शकतो. अर्धशिशीसाठी किंवा छातीतल्या धडधडीसाठी दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्यांना घातक ठरू शकतं. म्हणून डॉक्टर कोणताही असो, ‘मला दमा आहे’ हे पहिलं वाक्य असू द्या.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दुधाचा हिशेब लिहितो, पाळीची तारीखही खूण करून ठेवतो. त्याच चौकोनात धाप लागली किंवा रात्री खोकल्याने जाग आली, तर आणखी एक खूण करा. काही जणींचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत बळावतो, हे तीन महिन्यांच्या खुणांतून डॉक्टरला चटकन दिसतं. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावरही दोन पाळ्यांत ३५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडत असेल, किंवा वर्षात आठहून कमी पाळ्या येत असतील, तर दाखवा. महिनोन्‌महिने पाळी न येणं गर्भाशयाच्या अस्तराला चांगलं नाही. आणि तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा.

चौथी गोष्ट वजनाची. वजन पाच ते दहा टक्के जरी उतरलं, तरी पाळी आणि श्वास दोन्ही सुधारू शकतात. सत्तर किलोच्या बाईला साडेतीन किलोपासून सुरुवात पुरे. रविवारचे पोहे-जलेबी बंद करा असं इंदूरच्या माणसांना सांगायची आमची छाती नाही, पण रोजच्या शेवेला आवर घाला. आधी दमा आटोक्यात आणा आणि मग चालायला लागा, हा क्रम मात्र चुकवू नका. धाप लागणाऱ्या मुलीला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. तो आम्ही डॉक्टरांनीही केला.

आता बाप्पा येतील. आरतीला कापूर, धूप, उदबत्ती असणारच. खिडक्या उघड्या ठेवा आणि घरातल्या दमेकरी लेकीला किंवा सुनेला आरतीला दाराजवळ उभं राहू द्या. तिच्या भक्तीत काही कमी होत नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं? पंप पुन्हा सुरू झाला आणि गोळ्या थांबल्या. चालणं दहा मिनिटांपासून सुरू झालं. वर्षभरात सहा किलो वजन उतरलं, पाळी महिना-दीड महिन्याने येऊ लागली. दोन्ही आजार आहेतच, पण दोन्ही आटोक्यात आहेत. ते स्थळ मोडलं. पुढे दुसरं आलं तेव्हा तिने पहिल्याच भेटीत पर्समधून पंप काढून टेबलावर ठेवला. मुलगा म्हणाला, ‘माझ्या आईकडेही असाच आहे.’

आयांना आणि होणाऱ्या सासवांना आमची हात जोडून विनंती आहे. मुलीची पाळी आणि मुलीचा श्वास या लपवायच्या गोष्टी नाहीत. तिच्या दोन फायलींची एक करा. आम्हीही आता एकमेकींना फोन करतो.

गणपती बाप्पा मोरया!