सही करणाऱ्याचा हिशेब

(युवक शिबिरातील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'परदेशी शिक्षणसंस्थेतील नेतृत्व'. एवढ्या भारदस्त शब्दाला साजेसं माझ्याकडे फारसं काही नाही. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका लहान कॅथलिक कॉलेजात मी व्यवसाय-प्रशासन विभागाची प्रमुख आहे. विभागप्रमुख म्हणजे नेमकं काय करते? वेळापत्रक लावते, कोणता विषय कोणी शिकवायचा ते ठरवते, विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकते, डीनकडे जागा आणि पैसे मागते. आणि कागदांवर सह्या करते. आज मी या सह्यांबद्दलच बोलणार आहे.

मी मूळची कराडची. अब्बांचं किराणा दुकान होतं. रात्री दुकान बंद झालं की ते रोजकीर्द लिहायचे आणि रविवारी त्यावरून खतावणी. खतावणीची बेरीज मी करायचे. हिशेबाची गोडी मला तिथेच लागली. उधारीबाबत अब्बांचा एक नियम होता. आकडा गिऱ्हाइकासमोर लिहायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा. ज्याच्या नावावर लिहिलंय त्याला तो ऐकू आला पाहिजे. तेव्हा मला हा वेळखाऊपणा वाटायचा.

मराठी शाळा, मग बी.कॉम., एम.कॉम. आणि पुढे अमेरिकेत पीएच.डी. तिथे नोकरी शोधताना या कॉलेजची जाहिरात दिसली. 'कॅथलिक लिबरल आर्ट्स कॉलेज' म्हणजे काय, हे मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. तिथली पदवी साधारण 120 क्रेडिटची असते. माझ्या विभागाच्या मुलाला अकाउंटिंग आणि मार्केटिंग शिकायचं असतंच, पण त्याबरोबर तत्त्वज्ञान, धर्मविचार, इतिहास, साहित्य आणि एखादं विज्ञानही शिकावं लागतं. आपल्याकडे बी.कॉम. करताना मला कुणी तत्त्वज्ञानाचं पुस्तक हातात दिलं नव्हतं.

दरवर्षी कुणी ना कुणी पालक विचारतात, "अकाउंटंटला तत्त्वज्ञान कशाला?" मी त्यांना लुका पाचोलीबद्दल सांगते. व्हेनिसचे व्यापारी ज्या द्विनोंदी पद्धतीने हिशेब ठेवत, ती 1494 साली त्याने गणिताच्या एका मोठ्या ग्रंथात सविस्तर छापून दिली. हा पाचोली फ्रान्सिस्कन संन्यासी होता. ज्या अंकांनी तो हिशेब लिहितो ते भारतातून निघाले आणि अरबी गणितज्ञांच्या हातून युरोपात पोचले. हिशेबाची वही कोणत्याही एका धर्माची किंवा एका देशाची नाही, हे मला मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

मुलाखतीच्या वेळी मात्र मी घाबरले होते. मुस्लिम बाई, कॅथलिक कॉलेज, भिंतीवर क्रूस. माझ्या श्रद्धेची झडती घेतील असं वाटलं होतं. त्यांनी कॉलेजचं ध्येयपत्रक पुढे ठेवलं आणि विचारलं, "यातल्या कोणत्या वाक्यावर तुम्ही मनापासून काम करू शकाल?" मी 'प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा' या शब्दांवर बोट ठेवलं. पुढे कळलं की कॅथलिक विद्यापीठांबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1990 साली जो दस्तऐवज काढला, त्यात इतर धर्मांच्या शिक्षकांनी संस्थेचं स्वरूप मान्य करावं आणि संस्थेने त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचा आदर करावा, अशी दुहेरी अपेक्षा आहे. माझा अनुभव साधारण तसाच आहे. रमजानमध्ये संध्याकाळच्या बैठका सहकाऱ्यांनी आपणहून दुपारी घेतल्या. मीही त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी शांत उभी राहते. यात कुणाचं काही कमी झालं नाही.

आता खरी गोष्ट. मी व्यवसायनीतीचा वर्ग घेते. त्यात दोन लेखन समोरासमोर ठेवते. एक मिल्टन फ्रीडमनचा 1970 सालचा लेख. त्याचं म्हणणं, नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणं हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. दुसरं, पोप लिओ तेरावे यांचं 1891 सालचं 'रेरुम नोवारुम' हे पत्र. कारखान्यांच्या त्या काळात त्यांनी लिहिलं की मजुरी फक्त दोघांच्या करारावर सोडता येत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं त्यात भागलं पाहिजे. दुसरा इलाज नाही म्हणून माणसाने वाईट अटी मान्य केल्या, तर ती खरी संमती नव्हे, त्याच्यावर झालेली जबरदस्ती आहे.

एका वर्षी या तासाला मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "प्रोफेसर, सकाळी आठला अकाउंटिंग शिकवतात त्या सरांना आपलं कॉलेज किती देतं? ते पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खातात आणि लगेच दुसऱ्या कॉलेजला पळतात."

मला आकडा माहीत होता. अर्धवेळ शिक्षकाला एका सत्रात एका विषयाचे 3,500 डॉलर. वर्षाला आठ विषय शिकवले तरी होतात 28,000 डॉलर, आणि आरोग्यविमा नाही. अमेरिकेत विमा नसताना दवाखान्यात पाय ठेवणं म्हणजे काय, ते तिथे राहिलेल्यांना विचारा. त्या सरांच्या करारावर दर ऑगस्टमध्ये माझी सही असते. मी मुलीला म्हटलं, "ही माहिती गोपनीय असते." वर्ग गप्प झाला. त्या रात्री मला अब्बांची उधारीची वही आठवली.

माझ्याकडे सबब होती आणि ती खरीही होती. अर्धवेळ शिक्षकांचा दर विभागप्रमुख ठरवत नाही, तो वरून येतो. पण किती तास किती माणसांत वाटायचे, हे माझ्या हातात होतं. मी वही काढून बसले. आमच्या विभागात वर्षाला अकरा तुकड्या पाच अर्धवेळ शिक्षकांमध्ये वाटलेल्या होत्या. त्यातल्या आठ एकत्र केल्या तर एक पूर्णवेळ जागा होत होती, पगार आणि विमा धरून. जादा पैसे कुठून आणायचे? वित्त विषयाच्या नव्या प्राध्यापकाची एक जागा आम्हाला मंजूर झाली होती. ती सोडायची आणि त्या पैशातून ही जागा करायची.

सहकारी चिडले. ती जागा मिळवायला आम्हाला तीन वर्षं लागली होती. एक जण म्हणाले, "तुम्ही विभाग चालवताय की धर्मादाय संस्था?" त्यांचा राग मी चुकीचा म्हणणार नाही, कारण वित्ताचे जादा तास त्यांच्याच अंगावर पडणार होते. डीन म्हणाल्या, आकडे आणा. मी अर्जात आधी कॉलेजचं तेच ध्येयपत्रकातलं वाक्य लिहिलं आणि त्याखाली आकडे. दोन वर्षं गेली, पण जागा झाली. रीतसर जाहिरात निघाली, मुलाखती झाल्या आणि सकाळी आठच्या त्या सरांची निवड झाली.

इथे तुम्ही टाळ्या वाजवाल म्हणून पुढचं लगेच सांगते. पाच अर्धवेळ शिक्षकांपैकी एक पूर्णवेळ झाले. उरलेल्या तीन तुकड्यांत दोघांची सोय लागली. आणि दोघांचं काम गेलं. त्यातल्या एक बाई नऊ वर्षं आमच्याकडे शिकवत होत्या. मी त्यांना बोलावून समोर बसवून सांगितलं, एक सत्र आधी. त्या म्हणाल्या, "तुमचा न्याय झाला. माझ्या घरभाड्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिफारसपत्र दिलं, ओळखीच्या दोन ठिकाणी फोन केले. त्या आता समोर आल्या तर मान फिरवतात. हिशेब शिकलेल्या बाईला हे माहीत असायला हवं होतं, की एका खात्यात जमा झालं की कुठेतरी नावे पडतंच. ती नावेची बाजूही माझ्याच सहीची आहे.

पुढच्या वर्षी त्याच तासाला मी अर्धवेळ सहकाऱ्यांची परवानगी घेऊन 3,500 हा आकडा फळ्यावर लिहिला. मुलांना म्हटलं, तयारी, तास, पेपर तपासणं, सगळं धरा आणि ताशी मजुरी काढा. मग दोन्ही लेखन पुन्हा वाचा. त्या दिवशी वर्गात भांडण झालं, आणि चांगलं झालं.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? कारण 'तासिका तत्त्वावर' हे शब्द तुम्हाला समजावून सांगावे लागत नाहीत. तुमच्यातले काही आत्ताच तसे शिकवत असतील. माझा मामेभाऊ शिकवतो. मे महिन्यात त्याच्या घरी पगार नसतो. आणि तुमच्यातले काही उद्या एखाद्या शाळेच्या, ट्रस्टच्या, पतपेढीच्या कार्यकारिणीवर असतील. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. हक्क मिळवताना आपण हे कलम पाठ म्हणतो. चालवण्याचा हक्क असेल तर चालवण्याचा हिशेबही आपलाच आहे.

परक्या धर्माच्या संस्थेत मी काही मागू शकले, कारण त्या संस्थेने आपलं तत्त्व लिहून ठेवलं होतं. लिहिलेलं वाक्य कुणीही हातात धरून विचारू शकतं, बाहेरून आलेली बाईसुद्धा. आपल्या संस्थांच्या दर्शनी भिंतीवरही सुंदर वाक्यं असतात. त्या खाली उभं राहून विचारा: इथे किती जण तात्पुरते आहेत? किती वर्षांपासून? त्यांच्या कागदावर सही कोणाची? आणि सही करणारे तुम्ही असाल, तर आकडा त्या माणसासमोर मोठ्याने वाचा. वाचताना जीभ अडखळली, तर तिथून कामाला लागा.