रुंपलर यांची थेंबगाडी



पेटत्या मेणबत्तीपुढे एक चौकोनी पुठ्ठा उभा धरावा व समोरून जोराने फुंकर घालावी. ज्योत दूर न झुकता उलट पुठ्ठ्याकडेच ओढली जाते! पुठ्ठ्यामागे हवेचे भोवरे होतात, तेथील दाब घटतो. आता जाड कागद वळवून पुढे गोल व मागे निमुळता आकार करावा आणि पुन्हा फुंकावे. या वेळी हवा कागदाला बिलगून जाते व ज्योत पलीकडे झुकते. वेगाने धावणाऱ्या मोटारीलाही अशीच खेच मागे ओढीत असते.

हे मर्म एडमुंड रुंपलर यांनी विमानविद्येतून उचलले. जन्म १८७२ चा, व्हिएन्ना येथील. कर्तृत्व मात्र जर्मनीत गाजले. मोटारींच्या कारखान्यांत उमेदवारी झाल्यावर १९०८ मध्ये त्यांनी बर्लिन येथे विमानांचा कारखाना काढला. 'टाउबे' म्हणजे कबूतर, या नावाचे विमान तेथे बनू लागले. लोक ते रुंपलर यांच्या नावाने ओळखत. परंतु त्याची मूळ आखणी इगो एट्रिच यांची, हे सांगणे न्यायाचे होईल.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमान-उद्योगावर बंधने आली. तेव्हा रुंपलर यांनी विमानाचे ज्ञान मोटारीस लावले. १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात त्यांची 'ट्रोप्फेनवागेन', म्हणजे थेंबगाडी, लोकांपुढे आली. इतर मोटारी चौकोनी पेटाऱ्यासारख्या. हिचा देह वरून पाहता थेंबासारखा, काचाही वक्र. चालक पुढे मध्यभागी एकटा बसे, आणि सहा नळकांड्यांचे एंजिन मागच्या आसापुढे बसविलेले असे. (येथे मुलांची एक समजूत दुरुस्त करावी. पावसाचा पडता थेंब चित्रातल्यासारखा शेंडीदार नसतो. लहान थेंब गोल, मोठा खालून चपटा असतो.)

गाडी खपली मात्र नाही. एंजिन तापे, सामानास जागा नव्हती, आणि रूप लोकांना विचित्र वाटले. सुमारे शंभरच गाड्या झाल्या. काही बर्लिनमध्ये भाड्याने फिरल्या. काही तर १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' या चित्रपटात जाळण्यात आल्या. रुंपलर यांच्या वाट्याला याहून कठोर दैव आले. ते ज्यू होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना कैदेत टाकले. पुढे सुटका झाली तरी कारकीर्द संपली. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले.

१९७९ मध्ये फोक्सवागन कारखान्याच्या वायुबोगद्यात, म्हणजे हवेचा झोत सोडून रोध मोजण्याच्या बोगद्यात, एक जुनी थेंबगाडी उभी करण्यात आली. रोधाचा अंक निघाला ०.२८. त्याच कारखान्याने १९८८ मध्ये, म्हणजे थेंबगाडीनंतर सदुसष्ट वर्षांनी, काढलेल्या पासाट गाडीचा अंक होता ०.२९. आज थेंबगाड्या दोनच उरल्या आहेत: एक म्यूनिकच्या संग्रहालयात, एक बर्लिनच्या.