खाडा

बीडकडच्या ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या हातात. काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. पाळी असो, ताप असो.

गेल्या वर्षी मला अंगावरून फार जाऊ लागलं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, गोळ्या दिल्या, तीन महिने वाट पाहू म्हणाले. पगारी रजा होती, पाहिली. हीच तक्रार घेऊन गेलेल्या, माझ्याच वयाच्या एका तोडणीवालीला पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितलं होतं. “ताई, दिवाळीनंतर फडात जायचं, थांबू कुठं?” ऑपरेशनसाठी पुन्हा उचलच घेतली.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. ‘अडाणी बायका, घाबरवलं की तयार होतात’, असं आपल्याच बैठकांत ऐकते. मला नाही पटत. हिशेब तिनंही केला होता. तिच्याजवळ तीन महिने नव्हते.

तिची मुलगी सातवीत आहे. यंदा धाकट्याला सांभाळायला तिलाही फडावर नेणार आहेत.