पारदर्शक इंद्रधनुष्य

मुलांच्या चित्रपुस्तकांत इंद्रधनुष्य हटकून असतें. पण पुष्कळदां तें सात रंगांच्या फळ्या जोडून केलेल्या कमानीसारखें दिसतें. मागचा डोंगर झांकला जातो, कडा कात्रीनें कापल्यासारख्या तीक्ष्ण असतात, आणि दोन्ही टोंकें जमिनींत खांबासारखीं रोवलेलीं असतात. लहान मूल आकाश पाहण्यापूर्वीं चित्र पाहतें, म्हणून हा दोष मला क्षुल्लक वाटत नाहीं. चित्रकाराची दृष्टि अधू असते असें नव्हे. संगणकावरील साधनाचा स्वभाव ओळखला नाहीं, म्हणजे जाणत्याच्या हातूनहि असेंच चित्र उतरतें. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां वर्तुळ आपण मनांतच काढावें.

2003 सालीं निघालेलें इंकस्केप हें साधन विनामूल्य मिळतें, म्हणून उदाहरणासाठीं तेंच घेतों. त्यांतील चित्र ठिपक्यांचें नसून रेषांच्या गणिताचें असतें. एका रंगांतून दुसऱ्या रंगांत हळूहळू जाण्याच्या सोयीला ग्रेडियंट म्हणतात. एक ग्रेडियंट सरळ रेषेंत सरकतो, दुसरा केंद्रापासून बाहेर पसरतो. नवशिका मनुष्य कमान काढून तिला पहिला लावतो, आणि तांबडा रंग डाव्या टोंकाला व जांभळा उजव्या टोंकाला जाऊन बसतो! पट्ट्यापट्ट्यांच्या कापडांतून कमान कातरली, तर पट्टे कांहीं कमानीबरोबर वळत नाहींत. लुगड्याचा काठ वळविला कीं त्याचे रंगहि वळतात, कारण ते विणींतच असतात. सरळ ग्रेडियंट मात्र आकाराच्या वळणाकडे पाहतच नाहीं.

सुदैवानें इंद्रधनुष्य हा वर्तुळाचा भाग आहे, आणि वर्तुळाला केंद्र असतें. तेव्हां कमान काढूंच नये. पूर्ण वर्तुळ काढून त्यांत केंद्रापासून पसरणारा ग्रेडियंट भरावा. निसर्गांत तांबडा रंग सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून सुमारें 42 अंशांवर, तर जांभळा सुमारें 40 अंशांवर दिसतो. म्हणजे सारे रंग त्रिज्येच्या शेवटच्या 5 टक्क्यांत दाटलेले असतात. म्हणून केंद्रापासून 94 टक्क्यांपर्यंत अपारदर्शकता शून्य ठेवावी, 95 वर जांभळा, 99 वर तांबडा, मध्यें बाकीचे, आणि 100 वर पुन्हां शून्य. दिसणाऱ्या रंगांनाहि निम्मीच अपारदर्शकता द्यावी, म्हणजे डोंगर त्यांतून दिसतो.

येथें एक खोडी आहे. शून्य अपारदर्शकतेच्या जागींहि कोणता तरी रंग नोंदलेला असतो, आणि तो दिसत नसला तरी शेजारच्या रंगांत मिसळतो. बाहेरच्या कडेला तो काळा राहिला, तर तांबड्याभोंवतीं काजळी धरते. म्हणून तेथें तांबडाच, आणि आंतल्या कडेला जांभळाच रंग ठेवून केवळ अपारदर्शकता शून्य करावी.

आतां पायथ्याशीं विरणें राहिलें. रंग केंद्रापासून बाहेर बदलतात, विरणें मात्र वरून खालीं. दोन दिशांचें हें काम एका ग्रेडियंटला झेपत नाहीं. येथें मघाशीं टाकून दिलेला सरळ ग्रेडियंट कामास येतो. वर पांढरा व क्षितिजाशीं काळा होणारा एक चौकोन वर्तुळावर ठेवून त्याचा मास्क करावा. पांढऱ्याखालीं धनुष्य दिसतें, काळ्याखालीं लोपतें. वर्तुळाचा खालचा अर्धाहि आपोआप जातो.

नदीसारख्या स्वैर वळणाला असें एक केंद्र नसतें, तेथें ही युक्ति चालत नाहीं. इलस्ट्रेटर या विकत मिळणाऱ्या साधनानें 2012 सालच्या आवृत्तींत रेषेबरोबर ग्रेडियंट वळविण्याची सोय केली.

हौस असेल त्यानें मास्क करण्यापूर्वींच वर्तुळाची प्रत काढून ती त्याच केंद्राभोंवतीं सव्वापट करावी. हें दुसरें धनुष्य. थेंबाच्या आंत प्रकाश दोनदां परततो, म्हणून त्यांत तांबडा आंत व जांभळा बाहेर. रंग मात्र एकेक करून हातानें बदलावेत. ग्रेडियंट उलटा करण्याचें बटण दाबलें, तर सारेच रंग केंद्रापाशीं जाऊन बसतात. अपारदर्शकता पहिल्याहून बरीच कमी ठेवावी, आणि दोन धनुष्यांच्या मधलें आकाश किंचित गडद करावें. खरें आकाश तेथें तसेंच असतें.